सगळे पाय बघून राहिले, गुरुजींच्या हातांचं काय?

एका वाचक ताईंचं पत्र आलं. मोठं होतं, मी थोडं कापून देते आहे.

"ताई नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. माझे मिस्टर ७२ वर्षांचे, उमरेडकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मास्तर होते, सगळे गुरुजी म्हणतात म्हणून मीही तेच म्हणते. एप्रिलमध्ये कुलरमध्ये पाणी टाकायला प्लास्टिकच्या स्टुलावर चढले, स्टूल सरकला, पडताना हनुवटी ओट्यावर आपटली. हाड मोडलं नाही पण मानेतल्या मज्जारज्जूला मार लागला म्हणाले, ऑपरेशन झालं. आता ४ महिने होऊन राहिले. पाय हलतात, दोघांनी धरलं की उभे राहतात, परवा वॉकरने ५-६ पावलं टाकली तर घरात पेढे वाटले. हात मात्र गेल्यासारखेच आहेत, चमचा धरता येत नाही. लघवीची नळी आहे. दिवसभर पेंगतात, पाणी पी म्हटलं तर नको म्हणतात. मीच भरवते, दाढी करते, सगळं मीच. मागच्या महिन्यात बँकेत पेन्शनच्या कामाला गेलो तर सही जमली नाही, त्यांनी अंगठा घेतला. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले ते दोन दिवस बोलले नाहीत. एकदा रात्री डोकं फुटतंय म्हणाले, मानेवर घामच घाम, बीपी १८०, जवळच्या डॉक्टरांनी गोळी दिली, मग पाहिलं तर नळी मांडीखाली दबली होती, ती सरळ केल्यावर बरं वाटलं. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो आई या वयात बाबांना किती छळशील, बाई ठेव आणि आराम करू दे. दीर म्हणतात वर्धेकडे एक मालिशवाला आहे, मान मोकळी करून देतो. फिजिओ घरी येतो त्याचे रोजचे पैसे जातात. ताई, थांबवू का सगळं? चालतील का हे?"

ताई, आधी त्या रात्रीचं बोलू, कारण तुम्ही पत्रात ते जाता जाता लिहिलंय आणि मला मात्र तिथेच थांबावं लागलं. मानेला किंवा छातीच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूला मार असला की खालच्या अंगात काही खुपलं, म्हणजे पोटातलं मूत्राशय तुंबलं, संडास अडकली, पायजम्याची नाडी आवळली, तर मेंदूला नीट निरोप जात नाही पण शरीर आपलं घाबरून रक्तदाब वर चढवून ठेवतं. डोकं ठणकतं, चेहरा नि मान लाल होते, वरच्या अंगाला घाम फुटतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, नाव लांबलचक आहे, पण एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, कारण रात्री बोलावलेल्या प्रत्येकच डॉक्टरला हे पटकन सुचेल असं नाही. पुन्हा असं झालं तर आधी त्यांना उठवून बसवा, पाय खाली सोडा, आडवं अजिबात ठेवू नका. मग नाडी, पट्टा, मोजे, जे आवळलेलं असेल ते सैल करा आणि नळी वरपासून पिशवीपर्यंत हाताने चाचपून बघा, कुठे मुडपली आहे का, दबली आहे का, पिशवी गच्च भरली आहे का. नळी ठीक असेल आणि पोट ४ दिवस साफ नसेल तर कारण तेच असू शकतं. दर ५ मिनिटांनी बीपी बघा आणि उतरत नसेल तर सरळ हॉस्पिटल, सकाळची वाट बघू नका. आणि एक, अशा माणसाचं रोजचं बीपी बरेचदा १०० च्या आसपासच असतं, त्यामुळे यांचं १४० दिसलं तरी "वयाच्या मानाने ठीक आहे" म्हणून सोडायचं नाही. यांचं एरवीचं किती असतं ते आठवडाभर वहीत लिहून ठेवा, मग फरक कळेल.

ते झालं. आता तुमचा प्रश्न.

चालतील का, हे तुम्ही विचारलं, मुलगा विचारतो, दीर विचारतात, शेजारीपाजारी तर विचारतातच, सगळे पाय बघून राहिले. मी ३० वर्षं ओटी होते, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, लोक आम्हाला शेवटपर्यंत 'फिजिओवाल्या मॅडम'च म्हणत राहिले, पण आमचं काम वेगळं, माणसाला त्याचं रोजचं स्वतःचं स्वतःला करता यावं हे बघायचं. तरी सुरुवातीला मीही पायच बघायची. एक आजोबा होते, गुरुजींसारखीच केस, मानेचा मार, पाय बरे नि हात कमजोर. चालायच्या सरावाच्या दोन आडव्या दांड्यांमधून त्यांना चालवलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, घरी पाठवलं. तीन महिन्यांनी दाखवायला आले, चालतच आले, मी खूश. तर म्हणाले, "मॅडम, तहान लागली की माठापर्यंत चालत जातो आणि तिथे उभा राहून बायकोला हाक मारतो." त्या दिवसापासून मी पेशंटचे हात आधी बघायला लागले.

गुरुजींचं जे झालंय ते वयस्कर लोकांमध्ये फार दिसतं. आपल्या डोळ्यांसमोर मणक्याचा मार म्हणजे बाईकचा अपघात, झाडावरून पडलेला माणूस, खाणीतला कामगार. पण साठीनंतर बरेच जण घरातच पडतात, न्हाणीत, पायरीवर, स्टुलावरून. वयाने मानेचे मणके झिजलेले असतात, मधली जागा अरुंद झालेली असते, पडताना हनुवटी आपटून मान मागे झुकली की मज्जारज्जू आतल्या आत चेपला जातो, हाड न मोडताही. त्यात हात जास्त जातात आणि पाय कमी, असं का तर मार मज्जारज्जूच्या मधल्या भागाला बसतो. सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम म्हणतात, १९५४ मध्ये श्नायडर नावाच्या अमेरिकन न्यूरोसर्जनने हे पहिल्यांदा नीट मांडलं. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर बघा, हे नाव असेल, नसेल तर पुढच्या वेळी विचारा. आणि त्याच कार्डावर एएसआयए किंवा एआयएस लिहून पुढे ए पासून ई पर्यंतचं एक अक्षर असेल, मार किती आहे ते सांगणारं. ए म्हणजे मारापासून पार खालपर्यंत काहीच पोचत नाही, आणि सी-डी म्हणजे बऱ्यापैकी निरोप पोचतायत. पाय हलतात म्हणजे गुरुजींचं ए नक्कीच नाही.

यात परत येण्याचा क्रमही साधारण ठरलेला असतो. आधी पाय, मग लघवीवरचा ताबा, मग दंड-कोपर, आणि बोटं सगळ्यात शेवटी. म्हणजे ४ महिन्यांत बोटं आली नाहीत यात नवल काहीच नाही, ती रांगेत शेवटी उभी आहेत. पहिले ६ महिने सुधारणा जोरात, मग वर्ष-दीड वर्ष हळूहळू, कधीकधी त्यानंतरही थोडं थोडं. म्हणून थांबवू का या प्रश्नाला माझं उत्तर नाही, आत्ता तर मुळीच नाही. पण खोटंही बोलणार नाही, ७२ व्या वर्षी २५ वर्षांच्या पोराइतकं परत येत नाही. बोटं कदाचित पूर्वीसारखी होणारच नाहीत. वॉकरने घरातल्या घरात चालणं आणि बाहेर व्हीलचेअर, असं होऊ शकतं. त्यात वाईट काय आहे? तुमच्या मुलाला वाटतंय की बाबा एकतर पूर्ण बरे होणार नाहीतर आराम करणार. ताई, या दोन्हींच्या मधे खूप मोठी जागा आहे, चहा स्वतः पिणं आहे, पान उलटणं आहे, फोन उचलणं आहे, आणि सही आहे.

मुलावर रागावू नका बरं. लांब राहणारी पोरं बापाला असं बघून घाबरतात आणि मग आराम आराम करतात. त्याला आराम म्हणजे काय होतं ते सांगा. या वयात अंथरुणात पडून राहिलं की आठवड्यागणिक स्नायू जातात, हाडं ठिसूळ होतात, फुप्फुसात कफ साचतो, पाठीला जखम होते, पायात रक्ताची गाठ होते. एकच पाय सुजला, गरम लागला तर चोळायचं नाही, डॉक्टरकडेच न्यायचं.

आता हात. तुम्ही भरवता, कारण ते स्वतः खायला बसले तर पाऊण तास लागतो, सांडतं, ते चिडतात, तुम्ही चिडता, वरण गार होतं. मला माहिती आहे. पण दिवसातून ३ वेळा जे काम हाताला मिळायचं ते तुमच्या मायेने काढून घेतलंय ना. फिजिओ येतो एक तास, त्यात अर्धा तास पायांचा. बाकी २३ तास तो हात पोटावर पडून असतो, तो शिकणार कुठून? तेव्हा असं करा, पहिले ७-८ घास त्यांचे, दमले की पुढचे तुमचे. पूर्ण जेवण त्यांच्यावर टाकाल तर दोघंही दोन दिवसांत सोडून द्याल. पुढच्या आठवड्यात १०, मग १२.

चमचा नुसता धरता येणार नाही. त्याची मूठ जाड करायची. एसीच्या पाईपवर काळा फोमचा पाईप चढवलेला असतो ना, तो कोणत्याही एसी-फ्रिज रिपेअरवाल्याकडे मिळतो, वीतभर तुकडा घ्या, चमचा त्यात घुसवा, झालं. तेवढंही पकडता येत नसेल तर तळहाताभोवती वेल्क्रोचा पट्टा शिवून घ्या, त्याला आतून छोटा खिसा, त्यात चमचा खोचायचा, म्हणजे बोटं मिटली नाहीत तरी चालतं, जोर खांद्या-कोपरातून येतो. तुमच्याच गल्लीतला टेलर शिवून देईल. सपाट ताट नको, उभ्या काठाची थाळी घ्या म्हणजे घास काठाला टेकून चमच्यात चढतो, आणि थाळीखाली ओला नॅपकिन ठेवा, सरकत नाही. सुरुवात खिचडी, दहीभात, दुधात कुस्करलेली भाकर, असं चमच्याला चिकटणारं द्या. तर्री पोहे आवडत असतील तर नंतर, आधी तर्री शर्टावरच जाईल. चहा स्टीलच्या पेल्यात अजिबात नको, दोन कानांचा मग आणि चहा कोमट. त्यांच्या बोटांना गरम नीट कळत नसेल, भाजलेलं त्यांनाच कळणार नाही. याच कारणाने गरम पाण्याची पिशवीही बंद, शेक बंद.

शर्टाची बटणं काढून वेल्क्रो लावा, वरून बटण शिवलेलं ठेवा म्हणजे दिसायला शर्टच. पायजमा इलॅस्टिकचा, नाडी नाही (नाडीचं कारण वर आलंच). झिपला दोरीचा फास बांधा, त्यात बोट अडकवून ओढता येतं.

आणि आता जे मला तुमचं पत्र वाचल्या वाचल्या सुचलं ते. घरात पाटी आहे का? नसेल तर महालच्या नाहीतर इतवारीच्या बाजारात मिळेल, मोठी घ्या. त्याच फोमच्या तुकड्यात खडू बसवा आणि गुरुजींसमोर टेबलावर पाटी तिरपी टेकवा. पेन नको, पेन बोटांचं काम आहे आणि बोटं अजून आली नाहीत. खडूने मोठं अक्षर लिहायला खांदा आणि कोपर लागतो, तो त्यांच्याकडे आहे, आणि ३४ वर्षं फळ्यावर लिहिलेल्या माणसाचा खांदा ते विसरलेला नसतो. आधी उभी रेघ, आडवी रेघ, गोल. मग ग, म, न. ज्या माणसाने हजारो पोरांना सही करायला शिकवली त्याचा बँकेत अंगठा घेतला, त्यांना दुखलं ते खरंच दुखण्यासारखं आहे, ते हट्टी नाहीत. तेव्हा "व्यायाम करा" असं म्हणू नका, त्यांना सांगा सही परत बसवायची आहे. सही पूर्वीसारखी आली नाही तरी जी येईल ती बँकेत नव्याने नोंदवता येते. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असेलच, तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, म्हणजे त्यासाठी पुन्हा अंगठा लावायला रांगेत न्यायची गरज नाही. पोरगा दिवाळीला आला की त्याच्याकडून ते ॲप लावून घ्या.

हाताला सूज असेल तर बसलेले असताना हात उशीवर वर ठेवा, लोंबकळू देऊ नका. रात्री मनगटाला स्प्लिंट, म्हणजे आधाराचा साचा, लागेल का ते ओटीला विचारा, तो हात बघून बनवावा लागतो, मेडिकलवरचा रेडीमेड आणू नका. कणिक मळायला द्या, छोटा गोळा, सैलसर. भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या, संत्र्यांचा सीझन आला की संत्री सोलायला द्या, दोन्ही हात एकत्र लावायचं त्याच्याइतकं छान काम नाही, आणि नागपुरात ते कुणाला शिकवावं लागत नाही.

खांदे सांभाळा मात्र. त्यांना उठवताना काखेत हात घालून किंवा दंडाला धरून ओढत असाल तर आजपासून बंद करा, कमजोर खांदा अशाने निसटतो, आणि खांदा दुखायला लागला की हाताचा सगळा व्यायाम बसतो. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरून उठवायचं, फिजिओला सांगा आधी तुम्हाला आणि मदतीला येणाऱ्याला शिकव. खरं तर फिजिओला आता रोज बोलवायची गरज आहे का हेही त्यालाच विचारा, आठवड्यातून ३ दिवस येऊन तुम्हाला शिकवून गेला आणि उरलेले दिवस तुम्ही घरी करून घेतलं तर पैसेही वाचतात. पण ते त्याच्याशी बोलून, परस्पर बंद करून नाही.

पेंगतात त्याचं. गोळ्यांची यादी काढा. पायांचा ताठरपणा कमी करायला बॅक्लोफेन आणि नसांच्या जळजळीसाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन दिलेलं असेल, दोन्हीने झोप येते, म्हाताऱ्या माणसाला जास्तच. डॉक्टरांना डोस आणि वेळ बदलून मागा. मनाने बंद करू नका, विशेषतः बॅक्लोफेन, ते एकदम थांबवलं तर भलतंच होऊन बसतं. पूर्वीपासूनची बीपीची गोळी चालू असेल तर तीही विचारा, कारण उभं केल्यावर बीपी घसरून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल आणि आपण म्हणतो बाबा सहकार्य करत नाहीत. उठायच्या आधी पलंगावर ५ मिनिटं पाय सोडून बसवा. व्यायाम सकाळी, थोडा थोडा, २० मिनिटं करून विश्रांती. आणि चष्मा लावलाय ना? हसू नका, हॉस्पिटलमधून आल्यावर चष्मा कपाटात राहिलेले कितीतरी पेशंट मी पाहिलेत, त्यांना बोटं हलवा म्हटलं तर त्यांना बोटंच दिसत नव्हती.

पाणी नको म्हणतात कारण लघवीची लाज आणि तुम्हाला त्रास. नळी असताना पाणी कमी प्यालं की लघवी घट्ट होते, इन्फेक्शन होतं, नळी तुंबते आणि मग ती रात्र पुन्हा. हृदयाचा-किडनीचा त्रास नसेल तर दिवसाला २ लिटर तरी हवं. लघवी गढूळ झाली, ताप आला, पाय जास्त आखडायला लागले, किंवा म्हातारा माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला, तर आधी लघवी तपासा. पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला टेकलेली नको. आणि ही नळी कायमची आहे असं कोणी सांगितलंय का, की नुसतीच राहून गेलीय? ४ महिने झाले, यूरोलॉजिस्टला विचारा काढून बघता येईल का, या वयात प्रोस्टेटही बघावं लागतं. दर ४ ते ६ तासांनी नळी घालून लघवी काढायची आणि नळी परत बाहेर, ही पद्धत १९७२ मध्ये लॅपिड्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी रूढ केली आणि जगभर पेशंटच्या किडन्या वाचवल्या, पण गुरुजींच्या हातांनी ते होणार नाही, तुम्हाला करावं लागेल, रात्रीसुद्धा. तुम्हाला झेपणार नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यात कमीपणा नाही, दुसरे मार्ग असतात.

संडासची वेळ एकच ठरवा, सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने कमोड खुर्चीवर, लागो न लागो. पोटाला सवय लागते. आणि कमोड खुर्ची घ्यायच्या आधी न्हाणीचं दार मोजा. आपल्याकडच्या जुन्या घरात ते दार २४ इंचाचं असतं आणि खुर्ची २५ ची निघते, मग ती खुर्ची गॅलरीत कपडे वाळवायला. बाहेर २ पायऱ्या असतील, म्हणजे साधारण १२ इंच, तर रॅम्प १२ फूट लागतो, इंचाला फूट असा हिशोब, मिस्त्री ४ फुटांत करून देतो म्हणाला तर ती घसरगुंडी होईल.

पाठ. दर २ तासांनी कूस बदलायची हे तुम्हाला सांगितलं असेलच. ही रीत लुडविग गुटमन या डॉक्टरांनी १९४४ पासून इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला रुजवली, त्याआधी असे पेशंट जखमांनी आणि लघवीच्या इन्फेक्शनने काही महिन्यांतच जायचे. खुर्चीत बसले असताना दर अर्ध्या तासाने मिनिट-दोन मिनिटं पुढे वाकवून बुडाखालचा भार हलवा. मधे भोक असलेली रबरी रिंग कोणी दिली असेल तर परत करा, ती कडांना रक्त अडवते. रोज अंघोळीनंतर माकडहाड आणि टाचा मोबाईलच्या टॉर्चने बघा, लाल चट्टा दाबल्यावर पांढरा होत नसेल तर त्यावर भार टाकायचा नाही आणि चोळायचंही नाही.

दीरांना सांगा मालिशवाला नको. हातापायांना हलक्या हाताने तेल लावायला माझी ना नाही, पण ऑपरेशन झालेल्या मानेला "मोकळी" करायला कोणी हात लावला तर जे पाय आले तेही जातील. आणि बोटं जोराने उघडून ताणायची नाहीत, आखडलेल्या बोटांचाही पुढे पकडीला उपयोग होतो कधीकधी, कुठलं ताणायचं कुठलं नाही हे ओटीला ठरवू द्या. स्टेम सेलच्या जाहिराती कुणी फॉरवर्ड केल्या तर त्याही सोडून द्या, लाखात पैसे मागतात आणि अजून कुठे सिद्ध झालेलं नाही. ते पैसे रॅम्प, गादी आणि रात्रीच्या बाईला लागतील.

ओटी कुठे भेटेल? मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, ओटीचा विभाग आणि कॉलेज दोन्ही आहे, फिजिओही आहे. मिहानच्या एम्समध्ये पुनर्वसनाचे डॉक्टर असतात, पीएमआर म्हणून विचारा. दिव्यांगांसाठीचं सरकारी केंद्र, सीआरसी, तेही नागपुरात आहे. पोराला घरबसल्या कामं द्या, त्याला नुसतं "काय करावं" विचारलं की तो आराम म्हणतो, म्हणून काम नेमून द्या. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज त्याने भरायचा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व निघालं तर गुरुजींना इन्कम टॅक्समध्ये उत्पन्नातून ७५ हजारांची, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची सूट मिळते, जुन्या पद्धतीने टॅक्स भरत असतील तरच. ७० च्या वरच्यांचं आयुष्मान कार्डही त्यानेच काढायचं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण ते भरती झाल्यावरचं, घरच्या फिजिओला नाही.

आता तुमच्याबद्दल, तुम्ही पत्रात स्वतःविषयी एक ओळ लिहिली नाही. रात्री २-२ तासांनी तुम्हीच उठता ना? तर रात्रीची बाई ठेवा, मुलाच्या म्हणण्यात तेवढं बरोबर आहे, फक्त ती बाई गुरुजींच्या हातून काम काढून घ्यायला नको, तुम्हाला झोप मिळावी म्हणून हवी. आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपणं दोन आठवड्यांच्या वर चाललं, जेवण सुटलं, "मला कशाला ठेवलं" असं वारंवार म्हणायला लागले, तर डॉक्टरांना सांगा, त्याला औषध आहे, समुपदेशन आहे, ते वयाने येतं म्हणून सोडून द्यायचं नाही. जुने विद्यार्थी भेटायला येतात का? येऊ द्या, पण पलंगावर झोपलेले असताना नाही, शर्ट घालून खुर्चीत बसवा आणि मग बोलवा. पाऊस उघडला की मेट्रोत फिरवून आणा, स्टेशनला लिफ्ट आहेत, व्हीलचेअर आरामात जाते. उन्हाळ्यात मात्र दुपारी बाहेर नाही, मानेच्या मारात खालच्या अंगाला घाम नीट येत नाही आणि ४५ डिग्रीत शरीर तापत जातं, ओल्या पंच्याने पुसत राहायचं, कुलर चालू ठेवायचा.

कुलरवरून आठवलं. त्यात आता पाणी कोण टाकतं, तुम्हीच ना? त्या स्टुलावर चढून? त्याला नळाचा पाईप आणि फ्लोट बसवून घ्या, प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तो स्टूल उद्या कबाडीवाला आला की देऊन टाका.